आठ की दहा : एका निवडीचा मागोवा

एकाच व्यापाऱ्याने एकाच दिवशी दोन माल मांडावेत, त्यांपैकी एक आपला नेहमीचा आणि दुसरा उद्याचा, असे स्वतःच्याच तोंडाने सांगावे, आणि तरीही नेहमीच्या मालाला गिऱ्हाईक कमी पडणार नाही अशी उमेद बाळगावी, हा प्रकार व्यापाराच्या रूढ शहाणपणात सहसा बसत नाही. तथापि १२ सप्टेंबर २०१७ रोजी कॅलिफोर्नियातील क्यूपर्टिनो येथे ॲपल कंपनीने तो केला. कंपनीचे दिवंगत सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज ह्यांच्या नावाने नव्याने बांधलेल्या प्रेक्षागृहातील तो पहिलाच समारंभ होता. त्यात आयफोन ८ आणि त्याचा थोरला भाऊ ८ प्लस हे आधी दाखविण्यात आले. आणि मग, जॉब्ज पूर्वी ज्या लकबीने शेवटचा पत्ता राखून ठेवीत त्याच लकबीने, कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक ह्यांनी आयफोन टेन पुढे केला आणि येत्या दशकाच्या तंत्रज्ञानाची दिशा हाच ठरवील असे भाकीत वर्तविले. (कंपनी त्याला आग्रहाने ‘टेन’ म्हणे, बाजाराने त्याला ‘एक्स’ केले आणि तेच रूढ झाले.)

आठ हा फोन पाहणाऱ्याला नवा वाटावा असा नव्हताच. त्याचा बांधा २०१४ सालच्या आयफोन ६ पासून चालत आलेला, पडदा तोच ४.७ इंचांचा, आणि पडद्याखालचे वर्तुळाकार बटण तर थेट जानेवारी २००७ पासूनचे. अन्य कंपन्यांचे फोन अक्षरकळांनी गजबजलेले असताना दर्शनी भागावर एकच कळ ठेवण्याचे ते धाडस होते, आणि त्यामागील कल्पना मोठी समंजस होती : यंत्राच्या पोटात माणूस कितीही भरकटला तरी ही कळ दाबताच तो निघाला होता तेथे बिनतक्रार परत येईल. आजोबांच्या हाती फोन देताना नातवंडांनी शिकविलेला पहिला, आणि बहुधा एकमेव, धडा हाच असे. २०१३ साली ह्या बटणात अंगठ्याचा ठसा ओळखण्याची सोय आली. आमच्याकडे पिढ्यानुपिढ्या महसुली दप्तरात डाव्या हाताचा अंगठा ही निरक्षरतेची निशाणी मानली गेली. तीच निशाणी आता सुशिक्षितांनी पैका खर्चून मिरवावी, ह्या योगायोगाचे त्या काळी मला मोठे कौतुक वाटत असे.

परंतु परिचिताचा हा अभिमान बाळगणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानी येत नसे. २०१६ सालच्या आयफोन ७ पासूनच ते बटण खऱ्या अर्थाने बटण उरले नव्हते. ते खाली जात नसे. बोटाचा दाब जाणवताच आतील एक लहानशी यंत्रणा थरथरे आणि कळ दबल्याचा भास उत्पन्न करी, आणि फोन बंद असला म्हणजे ते बटण केवळ एक निर्जीव चकती होऊन राही. म्हणजे २०१७ साली जुन्या वळणाच्या रक्षणार्थ आठ घेणारा ग्राहक वस्तुतः त्या वळणाच्या हुबेहूब नकलेचेच रक्षण करीत होता. सवय ही वस्तूपेक्षा अधिक चिवट असते, आणि कंपनीने ते ग्राहकाच्या आधी ओळखले होते.

एक्सने हे सोंगही उतरवून ठेवले. ५.८ इंचांचा ओलेड पडदा जवळजवळ कडांपर्यंत पसरलेला, त्याच्या माथ्यावर लोकांनी ज्याची यथेच्छ टवाळी केली ती काळी खाच, आणि बटणाच्या जागी काहीही नाही. घरी परतायचे तर पडद्याच्या तळापासून बोट वर सरकवावयाचे. अंगठ्याची जागा चेहऱ्याने घेतली होती. त्या खाचेत बसविलेली यंत्रणा अदृश्य अवरक्त प्रकाशाचे तीस हजारांहून अधिक ठिपके मुखावर टाकी आणि त्यांवरून मुखाचा उंचसखलपणा ताडून मालकाची खातरजमा करी. परक्या माणसाच्या अंगठ्याने फोन उघडण्याचा संभव पन्नास हजारांत एक, तर परक्या मुखाने उघडण्याचा दहा लाखांत एक, असा कंपनीचा दावा होता. मात्र जुळी भावंडे, एकमेकांसारखी दिसणारी भावंडे आणि तेरा वर्षांखालील मुले ह्यांच्या बाबतीत हा हिशेब लागू नाही, ही पुस्ती तिनेच जोडली होती. अनावरणाच्या दिवशी व्यासपीठावर कंपनीचे अधिकारी क्रेग फेडरिगी ह्यांनी फोन मुखासमोर धरला, तेव्हा त्याने उघडण्याऐवजी सांकेतिक अंकांची मागणी केली आणि त्यांना दुसरा फोन उचलावा लागला. आधी इतर मंडळींनी तो हाताळल्यामुळे तसे झाले, असा खुलासा पुढे करण्यात आला.

निवड बिकट होण्याचे कारण मात्र निराळेच होते. बाह्य रूपात दोन युगांचे अंतर असलेल्या ह्या फोनांचे अंतरंग बव्हंशी एकच होते. ए-११ बायॉनिक हा प्रोसेसर दोहोंत तोच, काचेची पाठ दोहोंना, तारेवाचून बॅटरी भरण्याची सोय दोहोंत. एक्सच्या पडद्यावरील काळा रंग खरोखर काळा दिसे आणि त्याच्या पाठीवर दूरचे दृश्य जवळ आणणारा दुसरा कॅमेरा होता. तसा कॅमेरा थोरल्या ८ प्लसलाही होता, धाकट्या आठला नव्हता. एवढे वगळता वेगात, कामात, आयुष्यात फारसा फरक नव्हता.

हिंदुस्थानात आठची किंमत ६४,००० रुपयांपासून आणि एक्सची ८९,००० पासून सुरू झाली. अधिक साठवणीचा एक्स तर १,०२,००० रुपयांचा होता. लाखाची मर्यादा ओलांडणारा फोन ही वार्ता त्या वेळी घरोघरी चर्चिली गेली. त्यातच डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने परदेशी बनावटीच्या फोनांवरील जकात दहा टक्क्यांवरून पंधरावर नेली आणि पुढच्याच फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात ती वीस केली. परिणामी ज्यांनी ‘थांबू, उतरेल’ असा शहाणा विचार केला होता त्यांच्या पदरी पंच्याण्णव हजारांहून अधिक भाव पडला. मुहूर्ताचीही एक गंमत होती. आठ आमच्या बाजारात २९ सप्टेंबरला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवतरला. एक्स ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन उलटून पंधरवडा झाल्यावर. दसऱ्याला सोने आणि पाडव्याला वाहन अशा मुहूर्तांवर ज्यांची खरेदी ठरते, अशा कुटुंबांत त्या वर्षी आठच शिरला असेल तर ते नवल नव्हे.

जगाचा कौल मात्र स्पष्ट होता. विक्रीस आल्यापासून दर आठवड्याला एक्सच सर्वाधिक खपला, असे कुक ह्यांनी जाहीर केले. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत कंपनीने ७ कोटी ७३ लाख आयफोन विकले. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत ही संख्या ७ कोटी ८३ लाख होती, अर्थात त्या तिमाहीत एक आठवडाही अधिक होता. फोन कमी खपले आणि उत्पन्न मात्र विक्रमी झाले. महाग माल मांडण्यातील खरी मेख येथे आहे. त्याच डिसेंबरात, जीर्ण बॅटरीचे जुने आयफोन आपण मुद्दाम संथ करतो अशी कबुली कंपनीला द्यावी लागली आणि बॅटरी बदलण्याचा दर तिने अमेरिकेत ७९ डॉलरांवरून २९ वर आणला. आठही नको, दहाही नको, जुन्यातच नवी बॅटरी घालू, हा तिसरा पर्याय तेव्हा पुष्कळांना प्रथमच दिसला. तो वास्तविक सर्वांत स्वस्त होता आणि म्हणूनच त्याची जाहिरात कोणी केली नाही.

पुढील घटनांनी दोन्ही पक्षांची थोडी थोडी फजिती केली. भवितव्य म्हणून आणलेला एक्स एक वर्षही पुरते होण्यापूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, कंपनीच्या विक्रीतून बरखास्त झाला. भूतकाळ ठरविलेला आठ एप्रिल २०२० पर्यंत गादीवर राहिला आणि तेथूनही गेला तो नावापुरता, कारण त्याचेच शरीर धारण करून आयफोन एसई आला. आकार मात्र एक्सचाच जिंकला : ज्या खाचेची टवाळी झाली तीच वर्षभरात अनेक अँड्रॉइड फोनांच्या माथ्यावर दिसू लागली.

आणि मग मुखपट्ट्यांचे दिवस आले. नाकातोंडावर पट्टी बांधलेल्या मालकाला एक्स ओळखीना. भाजीच्या गाडीपाशी, औषधांच्या दुकानात, इस्पितळाच्या दाराशी माणसे क्षणभर पट्टी खाली ओढताना किंवा पुटपुटत अंक दाबताना दिसत, आणि शेजारी उभा असलेला आठवाला निमूट अंगठा टेकवून मोकळा होई. मार्च २०२२ मध्ये पट्टीसह मुख ओळखण्याची सुधारणा आली खरी, परंतु ती आयफोन १२ आणि त्यापुढील फोनांपुरती. एक्सच्या मालकांना त्यातून वगळले गेले. ह्याचा अर्थ अंगठा श्रेष्ठ असा मात्र नव्हे. कोकणातील आषाढात भिजलेल्या किंवा कणकेने माखलेल्या बोटांना त्या चकतीने कितीदा नाकारले ह्याची कैफियत कोणत्याही गृहिणीने द्यावी.

सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनची सतरावी प्रणाली आली, तेव्हा तिच्या यादीतून आठ आणि एक्स दोघेही एकाच वेळी गळले; सुरक्षेची किरकोळ डागडुजी दोघांच्याही वाट्याला त्यानंतर सारखीच येत राहिली. पंचवीस हजार रुपये अधिक मोजणाऱ्याला मोठा पडदा, दुसरा कॅमेरा आणि पुढे सर्वांच्याच हाती येणाऱ्या वळणाची आगाऊ ओळख मिळाली. आयुष्याचे एक वर्षही अधिक मिळाले नाही. म्हणून माझा निकाल त्या वेळच्या आठच्या ग्राहकाच्या बाजूने आहे, मग त्याने तो सवयीखातर घेतला असो वा काटकसरीने. त्या फोनाचे बटण १९ फेब्रुवारी २०२५ रोजी आयफोन १६ई जाहीर होताच आणि एसई मागे घेतला जाताच आयफोनच्या विक्रीतून कायमचे गेले, परंतु तोवर त्या ग्राहकाचा फोन आपले काम करून केव्हाच निवृत्त झाला होता.