दारूला ऊन दाखवलं का?

झडती म्हटलं की आज पोलीस आठवतात. पण बंडगार्डन रस्त्यावरच्या एका दगडी इमारतीत या शब्दाचा जुना अर्थ अजून शाबूत आहे. कागदावरचा आकडा आणि कोठारातला माल यांचा मेळ बसतो का, हे पाहणं म्हणजे झडती. इमारत 1891 साली पुरी झाली. सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार, पण अभ्यासक तिला पेशवे दप्तर म्हणतात.

आत सुमारे 35 हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं. गाठ सोडली की आधी धूळ येते, मग जुन्या कागदाचा तो कोंदट वास, आणि मग लांबट, घड्या पडलेले बंद. त्यावर मोडी. आधी रेघ ओढून घ्यायची, तिला अक्षरं टांगत जायची आणि बोरू होता होईतो उचलायचाच नाही, अशी ही लिपी. अक्षर लागायला महिने जातात. आकडे त्यामानाने लवकर लागतात आणि दप्तराचा खरा जीव आकड्यांतच आहे: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, जमाव. पोवाड्यात तलवार असते. इथे खंडी, मण आणि पायली.

समुद्र इथून घाटाखाली. तरीही कोकण किनाऱ्याची लढाई बरीचशी असल्या कागदांवर चालली. किनारा तेव्हा कोणा एकाचा नव्हताच. जंजिऱ्यात सिद्दी, वसईत आणि रेवदंड्याला पोर्तुगीज, मुंबईत इंग्रज, कुलाब्याला आंग्रे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, तर पुढच्याच वर्षी सिद्दी शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला. अशा ठिकाणी किल्ला एकदा जिंकून भागत नाही, तो दर वर्षी नव्याने भरावा लागतो. जूनमध्ये समुद्र बंद होतो, तो नारळी पौर्णिमेपर्यंत. म्हणून धान्य, लाकूड, दारूगोळा, सगळी बेगमी आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आत. आगोट हुकली की पुढचे दोन-अडीच महिने बेटावरच्या शिबंदीचं दैव आणि ती.

यासाठी किल्ल्यावर एकाला तीन माणसं असत. हवालदाराकडे हुकूम, सबनिसाकडे हजिरी आणि हिशेब, कारखानिसाकडे कोठार. तिघांचे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. मराठी कारभाराची सगळ्यात हुशार युक्ती हीच, असं माझं मत आहे. पराक्रमाच्या गोष्टींत ती सापडत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात तर दारूखान्याची तपासणी कशी करावी हेही आहे. कोठार राहत्या घरांपासून लांब हवं, आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं, मग पुन्हा मोहोर करून ठेवावं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत यामागचं शास्त्र साधं आहे. सोरा कच्चा असला की ओल ओढतो, आणि ओली दारू नुसती फुसफुसते.

कागद जुळला नाही की काय होई, ते 1675 च्या एका पत्रात दिसतं. जंजिऱ्याच्या छाताडावर महाराजांनी पद्मदुर्ग उभा केला. त्याला धान्य आणि पैसा पुरवायचं काम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्यावर होतं. त्याने ते केलं नाही. आरमार तिकडे रसदीविना खोळंबलं. महाराजांनी त्याला असं खरमरीत लिहिलं की साडेतीनशे वर्षांनी वाचतानाही आपणच गैरहजर राहिल्यासारखं वाटतं. जातीचा मुलाहिजा ठेवला जाणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

वसईची मोहीम मात्र दप्तरात सविस्तर भेटते. 1930 ते 1934 या काळात रियासतकार गो. स. सरदेसाईंनी इथल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले. त्यातला एक आख्खा खंड वसईचा. 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं आणि साष्टी घेतली. मोहीम चालवणाऱ्या चिमाजीअप्पांचं काम त्यानंतर खरं कठीण झालं. तीन बाजूंना पाणी आणि दलदल असलेला कोट भिडायचा तर तोफा, शिड्या, सुरुंगाची दारू आणि हजारो माणसांचं पोट, सगळं मागून येत राहायला हवं. समुद्राची बाजू मानाजी आंग्र्यांनी धरली. आत पोर्तुगीजांचीही तीच ओढाताण. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना 15 हजार रुपये दिले, तेही चर्चची चांदी आणि तोफा तारण ठेवून घेऊन! मे 1739 मध्ये कोटाच्या बुरुजांना सुरुंग लागले. एक उशिरा उडाला आणि चढून गेलेली आपलीच माणसं त्यात गेली. तरी दोन-तीन दिवसांत कोट हाती आला, म्हणजे आगोटीला जेमतेम महिना राहिला असताना. लोकांनी लक्षात ठेवल्या त्या वसईच्या चर्चमधून आणलेल्या घंटा; त्यांतली एक भीमाशंकरला आहे.

याच पुण्याने पुढे दुसरा हिशेबही केला. विजयदुर्गाचा तुळाजी आंग्रे जुमानेना, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रजांच्या माऱ्याने एका गलबतावर आग लागली आणि आंग्र्यांचं एकमेकांना खेटून उभं असलेलं आरमार एका दिवसात जळून गेलं. किल्ला इंग्रजांनी बळकावला तो ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही, आणि सोडला तो बाणकोट पदरात पाडून घेऊनच. मग पेशव्यांनी विजयदुर्गाला आपला आरमारी सुभा केला, पुढे तो आनंदराव धुळपांकडे आला. किती गलबतं, किती खलाशी, किती दारू, याचे कागद घाट चढून पुण्याला येऊ लागले.