मोबाईलच्या बाजारातील पत : ती कशी जाते व कशी परत येते

इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या व्यापारीबंधूंच्या तोंडी ‘जाए लाख, रहे साख’ ही म्हण नित्याची आहे. बेळगाव-निपाणीच्या पेठांत तीच गोष्ट ‘पत’ ह्या दोन अक्षरांत आटोपतात. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो, गेलेली पत मिळविता येत नाही, असा ह्याचा रूढ अर्थ. त्यातील पहिल्या भागाविषयी वाद नाही. दुसऱ्या भागाविषयी मात्र आम्हांस अलीकडे शंका वाटू लागली आहे, आणि ती शंका उत्पन्न केली आहे मोबाईलच्या बाजाराने. ह्या बाजारात गेल्या तीस वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांची पत गेली. काहींची परत आली. काहींची, मालात खोट नसतानाही गेली. आणि ज्यांचे नाव घेताच गिऱ्हाईक नाक मुरडी अशा कंपन्या पहिल्या पाटावर येऊन बसल्या.

आमच्या सभासदांत आता मोबाईलची विक्री करणारे बंधू थोडे नाहीत. वडिलार्जित कापडाच्या किंवा भुसारीच्या दुकानाच्या अर्ध्या दर्शनी भागात चिरंजीवांनी मोबाईलची काचेची कपाटे मांडली आहेत, हे दृश्य गावोगावी दिसते. गिऱ्हाईक आत येते आणि एकच प्रश्न विचारते, “शेठजी, ह्यातला चांगला कोणता?” ह्या प्रश्नाचे उत्तर दर दोन-तीन वर्षांनी का बदलते, ह्याचा विचार करणे आम्हांस म्हणूनच अगत्याचे वाटते.

कापडाचा पोत बोटांना कळतो. धान्याच्या पोत्यात परखी खुपसून वानगी काढता येते. स्मार्टफोनला परखी लावता येत नाही. त्याची बॅटरी, त्यातील चिप, त्याचे जोडकाम हे सर्व मोहोरबंद असते, आणि त्यात काही उणे असेल तर ते सहा महिन्यांनी किंवा वर्षाने उघडकीस येते. अर्थात गिऱ्हाईक वस्तू घेत नाही, नाव घेते. जेथे माल पारखता येत नाही तेथे नावाचे वजन वाढते, हा बाजाराचा जुना न्याय येथे पुरेपूर लागू पडतो.

दक्षिण कोरियातील सॅमसंग कंपनीची हकीगत ह्या दृष्टीने फार बोलकी आहे. १९९३ साली कंपनीचे प्रमुख ली कुन-ही अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे गेले असता आपला माल दुकानांच्या कोपऱ्यांत धूळ खात पडलेला त्यांनी पाहिला. स्वस्त व सामान्य, एवढीच तेव्हा त्या मालाची ओळख होती. त्याच वर्षी जून महिन्यात जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी अधिकाऱ्यांना जमवून त्यांनी नगांची संख्या मोजण्याचे सोडून गुणवत्ता पाहण्याचा आदेश दिला. परंतु आदेशाने कारखाना बदलतो असे थोडेच आहे? ह्यानंतर नव्या वर्षाची भेट म्हणून वाटलेले कंपनीचे मोबाईल नीट चालत नसल्याचे बोल लींच्या कानी आले, असे सांगतात. मार्च १९९५ मध्ये गुमी येथील कारखान्याच्या पटांगणात सुमारे दोन हजार कामगारांसमोर मोबाईल, फॅक्स यंत्रे इत्यादी दीड लाखाच्या आसपास नग रचण्यात आले, हातोड्यांनी फोडण्यात आले आणि पेटवून देण्यात आले. त्यांची किंमत पन्नास अब्ज वॉनच्या घरात होती. स्वतःच्या हातांनी बनविलेला माल जळताना पाहून पुष्कळ कामगारांना रडू कोसळले.

ही होळी केवळ देखावा नव्हती काय, असे एखादा चिकित्सक वाचक विचारील. देखावा होताच. परंतु तो गिऱ्हाइकासाठी मांडलेला नसून कामगार आणि अधिकारी ह्यांच्यासाठी मांडलेला होता, आणि आमच्या मते सारे इंगित येथेच आहे. जाहिरात बाहेर तोंड करून बोलते. ही आग आत तोंड करून बोलत होती. खोट असलेला माल खपवून नफा दाखविता येणार नाही, तो नुकसानीच्या खात्यात जाईल, हे त्या दिवशी प्रत्येकाला कळले. त्याच वर्षी कोरियाच्या बाजारात सॅमसंगच्या ‘एनीकॉल’ फोनने अमेरिकन मोटोरोलास मागे टाकले.

ह्यावर एकवीस वर्षे लोटली, आणि आगीशी त्याच कंपनीचा पुन्हा संबंध आला. ह्या वेळी मात्र ती कोणी मुद्दाम लावलेली नव्हती. १९ ऑगस्ट २०१६ रोजी ‘गॅलेक्सी नोट ७’ हा मोठा व महाग फोन काही देशांत विक्रीस आला. दोन आठवड्यांच्या आत तो पेट घेत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि २ सप्टेंबरला कंपनीने पंचवीस लाख फोन परत मागविण्याचे जाहीर केले. भारतात विक्री सुरू व्हायच्या आतच ती थांबली. विमानात हा फोन वापरण्यास आपल्या नागरी उड्डाण खात्यानेही बंदी केली. येथवरचे वर्तन कोणत्याही सचोटीच्या पेढीस शोभेल असेच होते. चूक झाली ती पुढे. एका पुरवठादाराच्या बॅटरीत दोष आहे असे ठरवून कंपनीने घाईने दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे फोन बदली म्हणून दिले. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत एका विमानात असाच बदली दिलेला फोन धुमसू लागला आणि प्रवाशांना खाली उतरवावे लागले. ११ ऑक्टोबरला कंपनीने हा फोन कायमचा बंद केला.

दोष काय होता तेही समजून घेण्याजोगे आहे. बॅटरीत धन आणि ऋण पट्ट्यांच्या मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. तो भेदला गेला की दोन्ही पट्ट्या भिडतात व उष्णता भडकते. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याशी जागा अपुरी पडून पट्टी वाकत होती. दुसऱ्याच्या बॅटरीत सांधकामाचे टोकदार उंचवटे राहून पडद्यास भोक पाडीत होते. दोष निरनिराळे, परिणाम एकच. पहिला दोष सापडताच ‘सापडले’ म्हणून हात झटकल्यामुळे दुसरा दृष्टीआड राहिला. आमच्या हिशेबनिसांना हा प्रकार परिचित असेल: ताळेबंदातील फरकाइतकीच एक रक्कम कोठे तरी सापडते, मन निश्चिंत होते, आणि खरी चूक दुसऱ्याच पानावर राहते.

जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासून निघालेला निष्कर्ष जगापुढे ठेवला. बाहेरच्या तपासणी-संस्थांचे अहवालही सोबत मांडले. बॅटरीसाठी आठ प्रकारच्या चाचण्या लावून दिल्या. नुकसान पाच अब्ज डॉलरांच्या घरात गेले होते. तरीही त्याच वर्षी आलेला पुढचा फोन लोकांनी घेतला. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या घडीच्या फोनचे पडदे परीक्षणासाठी दिलेल्या नगांतच बिघडू लागले, तेव्हा विक्री होण्याआधीच तो थांबवून सप्टेंबरात सुधारून आणला. हा धडा चांगलाच महाग पडला होता, एवढे खरे.

अमेरिकेच्या ॲपल कंपनीची गोष्ट उलट बाजूने पाहण्यासारखी आहे. तिच्या आयफोनच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या की फोन अचानक बंद पडत. ते टळावे म्हणून कंपनीने फोनची गती आपोआप मंदावण्याची योजना केली. हेतू वाईट नव्हता, असे आम्ही तरी म्हणू. पण गिऱ्हाइकाला हे उघडपणे सांगितले नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये गोष्ट फुटली, आणि नवा फोन घ्यावा म्हणून जुना मुद्दाम मंद करतात, असा बोभाटा जगभर झाला. कंपनीने क्षमा मागितली, बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ वर आणला, बॅटरीची स्थिती गिऱ्हाइकाला फोनवरच दिसेल अशी सोय केली. तरी २०२० साली फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड आणि अमेरिकेत पन्नास कोटी डॉलरांपर्यंतची तडजोड पदरी आलीच. ताजव्यात दोष असता तर लोकांनी सोसला असता. ताजवा झाकून ठेवला होता, हे त्यांना सोसवले नाही.

आता नोकियाकडे वळू. ह्या फिनलंडच्या कंपनीचे फोन आमच्या वाचकांपैकी कोणी वापरले नाहीत असे होणे नाही. जिन्यावरून पडला तरी चालणारा, आठवडाभर चार्जिंग न मागणारा फोन म्हणून त्याची ख्याती होती. त्याच्या ‘११००’ ह्या एकाच नमुन्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग जगात खपले. ऑगस्ट २००७ मध्ये त्या कंपनीवर बॅटरीचे संकट आले. मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या ‘बीएल-५सी’ जातीच्या चार कोटी साठ लाख बॅटऱ्या तापण्याचा संभव आहे, असे नोकियाने स्वतः जाहीर केले. प्रत्यक्ष घटना जगभरात शंभरच्या आसपास होत्या. परंतु बॅटरीच्या पाठीवरचे बारीक आकडे वाचून घेण्यासाठी आपल्याकडे दुकानांपुढे माणसे जमू लागली. चष्मा लावून ते आकडे वाचण्याचे काम केलेले काही बंधू आजही त्या दिवसांची आठवण सांगतात. कंपनीने बॅटऱ्या फुकट बदलून दिल्या, आणि तिचे नाव ह्या प्रसंगातून जवळजवळ निष्कलंक बाहेर पडले.

तथापि तिची गादी तिच्याकडे राहिली नाही. त्याच २००७ सालच्या जून महिन्यात अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीस आला होता. नोकियाच्या मापाने मोजला तर तो कच्चाच माल म्हणावा लागेल: काच पडली की फुटे, बॅटरी काढता येत नसे, चार्जिंग रोज करावे लागे. पण माप बदलले. गिऱ्हाईक आता बोटाने सरकणारा पडदा, छायाचित्र, इंटरनेट ह्यांना ‘चांगला’ म्हणू लागले. नोकियाचा माल बिघडला नव्हता, पण चांगलेपणाची व्याख्या बदलली होती. एप्रिल २०१४ मध्ये तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात श्रीपेरुंबुदूरचा मोठा कारखाना बंद पडला. सचोटी शाबूत असून पत जाण्याचा हा प्रकार सर्वांत अवघड, कारण आत्मपरीक्षणाने तो सापडत नाही. गिऱ्हाइकाकडे पाहावे लागते.

चीनच्या मालाची कथा ह्याच्या नेमकी उलट. ‘चायना मोबाईल’ म्हणजे दोन सिमकार्डे, कर्णकर्कश आवाज आणि पावतीचा पत्ता नाही, असा एक काळ होता. आयएमईआय क्रमांक नसलेल्या अशा फोनांची सेवा १ डिसेंबर २००९ पासून बंद करण्याचा आदेश सरकारला काढावा लागला. पाचच वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, शाओमी कंपनी भारतात आली. तिने आपला ‘मी ३’ दुकानांना वगळून इंटरनेटवर १३,९९९ रुपयांस विकला; महाग फोनांत असणारे गुण अर्ध्या किमतीत मिळतात, हे गिऱ्हाइकांनीच एकमेकांस सांगितले. पुढच्या वर्षी तिचे फोन आंध्रातील श्रीसिटीत जोडले जाऊ लागले, आणि तीन-चार वर्षांत ती देशात अग्रस्थानी पोहोचली. दुकाने टाळून आलेली ही कंपनी २०१७ पासून स्वतःची दुकाने घालू लागली आणि आमच्यासारख्यांच्या कपाटांतही आली, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. दूषण भूषण होण्याचा हा काही पहिलाच प्रसंग नव्हे. १८८७ च्या कायद्याने ब्रिटनने जर्मन मालावर देशाचे नाव घालण्यास लावले ते गिऱ्हाईक सावध व्हावे म्हणून. काही दशकांत तेच नाव पाहून लोक माल घेऊ लागले.

ह्या सर्व व्यवहारात आम्ही विक्रेते कोठे आहोत? लहान गावात गिऱ्हाईक कंपनीला ओळखत नाही. ते येऊन म्हणते, “तुम्ही दिलेला फोन बिघडला.” कंपनीची पत अशा रीतीने आमच्या पतीवर उधार चालते. एप्रिल २०२४ मध्ये संघटित मोबाईल-विक्रेत्यांच्या दक्षिणेतील संघाने वनप्लस कंपनीचे फोन १ मेपासून विकणार नाही, असे कळविले. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण ह्यांसह सहा राज्यांतील सुमारे साडेचार हजार दुकाने त्यात होती. अल्प नफा आणि वॉरंटीच्या दाव्यांस लागणारा विलंब ह्या त्यांच्या तक्रारी. ह्याच कंपनीच्या काही फोनांच्या पडद्यावर हिरवी उभी रेघ उमटत असे. वर्षाअखेरीस कंपनीने त्या दोषापुरती आजीवन वॉरंटी भारतात जाहीर केली. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हे ठरले की पुढचा अर्धा तंटा मिटतो.

आता नवे माप आले आहे ते टिकाऊपणाचे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या वरच्या श्रेणीच्या फोनांना सात वर्षे नवी सॉफ्टवेअरे पुरविण्याचे वचन दिले. सॅमसंगच्या त्या वचनाची मुदत २०३१ साली भरते. तोवर आमच्या बंधूंनी एक साधी वही घालावी: कोणत्या नमुन्याचे किती फोन विकले, किती परत आले, कशासाठी, आणि सेवाकेंद्रातून किती दिवसांनी सुटले. चार गावच्या अशा वह्या संघाच्या कार्यालयात एकत्र झाल्या, तर “चांगला कोणता?” ह्या प्रश्नाला कंपनीच्या पत्रकावाचून उत्तर देता येईल.