गायरानावरील ऊन आणि भागभांडवलाचा प्रश्न

बीड जिल्ह्याला वीजनिर्मिती ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. परळी वैजनाथ येथे १९७१ साली औष्णिक केंद्र सुरू झाले तेव्हापासून परमुलखातून आलेला कोळसा आणि मराठवाड्याचे दुर्मीळ पाणी यांच्या बळावर या जिल्ह्याने महाराष्ट्राचे दिवे पेटविले. आणि २०१३ व २०१५ या अवर्षणाच्या वर्षांत पाण्याअभावी तेच केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली, तेव्हा ज्या मुलखात पाण्याचा तुटवडा आणि उन्हाची सुबत्ता आहे त्या मुलखाने कोणती वीज करावी, याचे उत्तर निसर्गानेच दिले. आता बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात, आणि उपकेंद्रांच्या आसपास सौरपट्टिकांच्या रांगा पसरू लागल्या आहेत. इंधनाचा प्रश्न सुटला. स्वामित्वाचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे, आणि तो अखेरीस भांडवलाचा प्रश्न आहे, हे दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

जगात इतरत्र ही चर्चा मूलनिवासी समाजांच्या संदर्भात चालते. कॅनडातील ओन्टारिओ प्रांताने २००९ साली अशी योजना काढली की, वीजप्रकल्पात भागीदार होऊ इच्छिणाऱ्या मूलनिवासी समाजांना भाग विकत घेण्यासाठी जे कर्ज लागेल त्याची हमी सरकारने घ्यावी. दान नव्हे, हमी. ज्याच्यापाशी तारण नाही त्याच्यामागे सरकारने उभे राहावयाचे, एवढेच. आपल्याकडे नर्मदेच्या खोऱ्यात, नंदुरबारच्या बिलगाव या आदिवासी गावाने २००३ साली श्रमदान आणि परदेशस्थ भारतीयांची वर्गणी यांच्या आधाराने १५ किलोवॉटचा लघुजलविद्युत प्रकल्प उभारला, त्याची वीज पाड्यापाड्यांत खेळविली, आणि २००६ साली तो सरदार सरोवराच्या क्षेत्रातील पुरात बुडाला. भांडवल जमले, कौशल्य जमले. पण ज्या भूमीवर प्रकल्प होता तिच्या भवितव्याचा निर्णय गावाच्या हाती नव्हता.

बीडमध्ये अनुसूचित जमातींची लोकसंख्या शेकडा दोनहूनही कमी आहे. त्यामुळे येथे या प्रश्नाला निराळे रूप येते, आणि ते रूप गायरानाचे आहे. निजामी अमदानीपासून गुरांच्या चराईसाठी राखलेली ही जमीन भूमिहीन दलित, पारधी आणि भटक्या कुटुंबांनी दगडगोटे वेचून वहितीखाली आणली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांनी अशी जमीन कसणाऱ्याच्या नावे करण्याच्या मागणीला १९५९ व १९६४ साली राज्यव्यापी स्वरूप दिले, आणि पुढे माजलगाव तालुक्यातील दुकडेगावचे एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या द्वारे ती मराठवाड्याच्या गावकुसाबाहेर रुजविली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय १९९१ साली शासनाने घेतला खरा. परंतु नाव सातबाऱ्यावर चढणे ही निराळीच तपश्चर्या होती, आणि कित्येक कुटुंबे अद्याप गाव नमुना १-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीतच अडकून पडली आहेत.

अशा स्थितीत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना गावात येते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू निःसंशय स्तुत्य आहे, आणि रात्री साप-विंचवांत पाण्याची पाळी दिलेला कोणीही तिला नावे ठेवणार नाही. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खाजगी जमीनमालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ मिळते. शासकीय जमीन मात्र विकासकास नाममात्र एक रुपया भाड्याने देता येते, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे प्रत्येकी पाच लाख रुपये अनुदान मिळते. म्हणजे मालकाला मक्ता मिळाला, पंचायतीला अनुदान मिळाले, विकासकाला जमीन मिळाली. आणि जो ती जमीन दोन पिढ्या कसत आला त्याचे नाव या हिशेबात कोठेच आले नाही.

आता थोडे आकडे. एक मेगावॉटच्या सौरप्रकल्पाला सुमारे चार एकर जमीन आणि ढोबळमानाने चार कोटी रुपये लागतात. त्यातून वर्षाला पंधरा लाखांवर युनिट वीज निघते, आणि युनिटला तीन रुपये धरले तर उत्पन्न पंचेचाळीस लाखांच्या घरात जाते. याच चार एकरांचे भाडे सव्वा लाखाच्या दराने दोन लाख होते. केंद्राचे मेगावॉटमागे १.०५ कोटींपर्यंतचे अनुदान सहकारी संस्थेलाही लाभले, सभासदांनी पंचेचाळीस लाख उभे केले आणि उरलेले अडीच कोटी नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांच्या मुदतीवर काढले, तर वर्षाचा हप्ता एकतीस लाख; देखभाल व विमा वजा जाता आठ-दहा लाख हाती राहतात, आणि कर्ज फिटल्यावर प्रकल्प संस्थेचा. हे उत्पन्न कुबेराचे नव्हे, पण भाड्याच्या चौपट-पाचपट आहे. शंभर कुटुंबांनी पंचेचाळीस लाख उभारावयाचे म्हणजे घरटी पंचेचाळीस हजार. ज्या जिल्ह्यातील मजूर जोडपी मुकादमाकडून याहून मोठी उचल घेऊन दरसाल कोयता उचलतात आणि ती अंगमेहनतीने फेडतात, तेथे ही रक्कम अशक्य म्हणता येत नाही. मात्र ऊस तोडण्यासाठी पैसा देणारा मुकादम आहे, भागधारक होण्यासाठी पैसा देणारा कोणी नाही.

कागदावर मार्ग मोकळा आहे. २०१९ सालच्या कुसुम योजनेच्या अ घटकात दोन मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प सहकारी संस्था, पंचायती आणि शेतकरी उत्पादक संस्था यांना उभारता येतात. कृषी पायाभूत निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये या दोन योजनांची सांगडही घालण्यात आली. परंतु बँक तारण मागते, आणि गायरानधारकापाशी गहाण टाकण्याजोगा दस्तऐवजच नाही. तमिळनाडूतील ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ साली १.५५ कोटींची पवनचक्की घेतली ती स्वतःच्या बचतीचे चाळीस लाख आणि बँकेचे १.१५ कोटी यांच्या जोरावर. पंचायतीपाशी शिल्लक होती, म्हणून बँकेने दार उघडले.

सहकाराचे नाव काढताच बीडचा माणूस गप्प होतो, आणि त्याला कारण आहे. जिल्हा मध्यवर्ती बँकेची दुरवस्था त्याने पाहिली, आणि ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत तर लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. शेजारच्या श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरणाच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक म्हणून निघाली, आणि थकबाकीच्या ओझ्याखाली २०११ साली तिचा परवाना संपुष्टात आला. परंतु ती संस्था वीज विकत घेऊन शेतकऱ्यांना वाटत होती. निर्मिती करणाऱ्या संस्थेचा ग्राहक एकच, तो म्हणजे महावितरण, आणि तिची वसुली करारान्वये होते. येथे धोका सभासदांच्या थकबाकीचा नसून महावितरणच्या विलंबाचा आहे, आणि तो शासनाला हमी देऊन निवारता येतो.

स्वामित्व गावाबाहेर राहिले की दलाली गावात शिरते. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, आणि तपासयंत्रणेच्या आरोपपत्रानुसार तिचा धागा एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी जोडलेला आहे. गावातील शंभर घरे भागधारक असती तर खंडणीखोराला तोंड देण्यास एकटा सरपंच उभा राहिला नसता, असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही, पण वाटते.

शासनाकडे माझे मागणे थोडके आहे. ज्या गायरानावर सौरप्रकल्प व्हावयाचा, तेथील वहितीदारांच्या संस्थेला प्रथम हक्क द्यावा. जी जमीन विकासकाला एका रुपयात मिळते ती या संस्थेलाही त्याच कौलाने द्यावी. आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये जमतात, त्यातील काही वाटा भागभांडवलाच्या हमीसाठी राखावा. वाचकांपैकी जे ग्रामसभेला जातात त्यांना एकच विनंती: गायरानाचा ठराव मांडला जाईल त्या दिवशी, हात वर करण्यापूर्वी, तलाठ्याकडून गाव नमुना १-ई सभेपुढे मोठ्याने वाचून घ्यावा.