सर्वदिशादर्शी छायाचित्रण

एका स्थानावरून दिसणारे सभोवारचे ३६०° दृश्य एकाच चित्रात आणण्याची पद्धती. व्यवहारात अशा चित्रास पॅनोरामा म्हणतात. पूर्ण गोलीय प्रकारात माथ्यावरचे छत व पायाखालची जमीनही चित्रात येते. अशा चित्रणात कॅमेऱ्याला ‘मागची बाजू’ उरत नाही. त्यामुळे छायाचित्रकार, त्याची सावली आणि कॅमेऱ्याची तिपाई यांना चित्राबाहेर ठेवणे, हा या पद्धतीतील मूलभूत प्रश्न होय.

पॅरिसमध्ये फ्रीड्रिख फोन मार्टेन्स यांनी १८४४ च्या सुमारास फिरत्या भिंगाचा कॅमेरा तयार केला. त्यात सु. १५०° दृश्य येई; साहजिकच हा प्रश्न उद्‌भवला नाही. अमेरिकेत १९०४ मध्ये एकस्व मिळालेला सर्किट कॅमेरा मात्र चावीच्या यंत्रणेने स्वतःभोवती पूर्ण फिरू शके. त्याच्या अरुंद फटीतून एका क्षणी दृश्याची एक उभी पट्टीच फिल्मवर उमटे. त्यामुळे छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या पाठीमागून चालत राहिला, तर तो चित्रात येत नसे. याच तत्त्वामुळे समूहचित्रात एका टोकाचा मुलगा कॅमेऱ्याच्या मागून धावत दुसऱ्या टोकास गेला, तर तो दोनदा दिसे.

आधुनिक पद्धतीत अनेक चित्रे क्रमाने घेऊन संगणकाद्वारे जोडतात. येथेही छायाचित्रकार कॅमेऱ्यामागे फिरतो. सूर्य पाठीशी आल्यावर सावली चित्रात पडते. तेव्हा बाजूस उभे राहून आणखी एक चित्र घेतात व जोडताना सावलीचा भाग वगळतात. दोन मत्स्यनेत्री भिंगांचा कॅमेरा सर्व दिशा एकदमच टिपतो. अशा वेळी खांबाआड जाऊन दूरनियंत्रकाने चित्र घेतात. आडोसा नसल्यास कॅमेरा न हलविता, स्वतःची जागा बदलून दोन चित्रे घेतात आणि प्रत्येकातील निर्मनुष्य भाग एकत्र करतात.

सर्वांत अवघड भाग तिपाईखालचा. नांदेड जिल्ह्यातील मुखेड येथील दशरथेश्वर मंदिरासारख्या प्राचीन वास्तूंच्या नोंदीत याचे महत्त्व ध्यानी येते. मराठवाड्यातील अनेक प्राचीन मंदिरांत मंडपाच्या मध्यभागी रंगशिळा असते. चारही बाजूंचे स्तंभ सारख्या अंतरावर यावेत म्हणून तिपाई नेमकी तेथेच ठेवली जाते आणि रंगशिळाच झाकली जाते. शेजारच्या फरशीची प्रतिकृती चिकटवून ही जागा भरता येते. परंतु त्यामुळे मूळ शिळेवरील रेषा, झीज वा भेगा नाहीशा होऊन खोटा पुरावा निर्माण होतो. योग्य उपाय म्हणजे तिपाई हलवून त्याच जागेचे स्वतंत्र चित्र घेणे व तेच चित्रात बसविणे. जमीन सपाट असल्यास हा जोड निर्दोष साधतो. उंचसखल असल्यास कडा जुळत नाहीत.

मनोरंजनासाठी काढलेल्या चित्रात असा भाग एखाद्या चिन्हाने झाकला तरी चालतो. वास्तूच्या नोंदीत मात्र जोडलेल्या भागाचा उल्लेख करणे आणि मूळ चित्रे जतन करणे आवश्यक ठरते. छायाचित्रकार वगळताना त्याच्यामागे असलेली वस्तू प्रत्यक्ष टिपलेली असावी, कल्पनेने भरलेली नसावी. कॅमेरा दिसणे हा दोष फार तर सौंदर्याचा आहे. नसलेली शिळा दाखविणे हा सत्याचा दोष होय.