आग्रहावाचून आतिथ्य

फिनलंडमध्ये प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या परदेशी पाहुण्याची एक तक्रार बहुधा ठरलेली असते : येथील माणसे बोलत नाहीत. ट्राममध्ये दोघांच्या बाकावर एक जण बसलेला असेल, तर नंतर चढलेला उतारू पलीकडचे रिकामे बाक शोधतो. बसथांब्यावरची मंडळी परस्परांपासून चांगले दोन हात अंतर राखून उभी असतात. लिफ्टमध्ये कोणी कोणाची विचारपूस करीत नाही. ज्या देशात आगगाडीच्या डब्यात तासाभरात सहप्रवाशाच्या मुलीच्या लग्नाची सारी हकिगत कळते, अशा देशातून आलेल्या माणसाला हे सर्व थंडपणाचे वाटल्यास नवल नाही. काही जण तोच समज उराशी घेऊन परत जातात. त्यात नुकसान होते ते पाहुण्याचेच. कारण आपल्याला कितीतरी गोष्टी देऊ केल्या गेल्या होत्या, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही.

एखाद्या फिनिश घरी कॉफीसाठी बोलावणे आले, असे समजू. दारातच पादत्राणे काढून ठेवायची असतात. ही चाल भारतीय पाहुण्याला शिकवावी लागत नाही. कॉफी हे तेथील जणू राष्ट्रीय पेय आहे. दरडोई खपात फिनलंड जगात अग्रभागी असून, वर्षाकाठी माणशी सुमारे दहा किलो कॉफी तेथे लागते. कॉफीबरोबर ‘पुल्ला’ नावाचा गोड पाव येतो आणि त्याला चक्क वेलदोड्याचा वास असतो. उत्तरेकडच्या त्या बर्फाळ मुलखात हा ओळखीचा सुगंध आला की पाहुण्याला घरी आल्यासारखे वाटते. घोटाळा होतो तो यापुढे. यजमानीण पावाची बशी पुढे करते. पाहुणा आपल्याकडील रीतीप्रमाणे, पहिल्या खेपेस, संकोचाने ‘नको’ म्हणतो. दुसऱ्यांदा आग्रह होईल, तिसऱ्यांदा आपण नाइलाजाने घेतल्यासारखे करू, असा त्याचा हिशेब असतो. परंतु दुसरी खेप येतच नाही. बशी शांतपणे टेबलावर ठेवली जाते आणि पाहुणा उपाशी राहतो.

यजमानीण येथे कृपणपणा करीत नसते. पाहुण्याने ‘नको’ म्हटले, तेव्हा त्याला नकोच आहे, हे तिने मानले, इतकेच. त्यानंतर पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे होय, अशी तिची समजूत असते. महाराष्ट्रात पंगतीतला वाढपी पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जिलबी वाढतो आणि त्यातच यजमानाची माया दिसते. फिनिश माणसाची माया तो हात न सारण्यात असते. दोन्ही रीती आपापल्या जागी खऱ्या आहेत. पण एकीच्या मापाने दुसरी मोजली की दोन्ही पक्षांचा विरस होतो.

शब्दाला असे वजन देण्याची ही सवय भाषेतही दिसते. फिनिश भाषा युरोपातील बहुतेक भाषांच्या कुळातली नाही; एस्टोनियन ही तिची जवळची आणि हंगेरियन ही दूरची नातलग. तिच्यात पंधरा विभक्ती आहेत. इंग्रज प्रवासी हा आकडा ऐकून घाबरतो. परंतु ‘घरात’, ‘घरातून’, ‘घराला’ असे प्रत्यय रोज लावणाऱ्या मराठी माणसाला त्यामागील तत्त्व परके वाटू नये. इंग्रजीतील ‘प्लीज’साठी फिनिशमध्ये सरळ एक शब्द नाही, म्हणून ही माणसे उर्मट आहेत असेही काही जण ठरवून टाकतात. ते खरे नव्हे. सौजन्य तेथे क्रियापदाच्या रूपात असते. मराठी घरात तरी ‘कृपया मीठ दे’ असे कोण म्हणते? ‘जरा मीठ देशील का’ यातच सारे येते. तिसऱ्या पुरुषासाठी ‘हॅन’ हे एकच सर्वनाम असून तो व ती असा भेद त्यात नाही. तू आणि तुम्ही असा भेद मात्र आहे. पूर्वी तो कसोशीने पाळला जाई; परंतु १९६० व १९७० च्या दशकांत अनौपचारिक ‘सिनॅ’चा प्रसार झपाट्याने झाला आणि आज विद्यार्थी शिक्षकाला, कर्मचारी वरिष्ठाला बहुधा तेच संबोधन वापरतो. मराठीत त्याचे ‘तू’ असे रूपांतर केल्यास उद्धटपणा वाटेल आणि ‘तुम्ही’ केल्यास मूळचा अर्थच हरवेल. ज्या देशात १९०६ साली, युरोपात सर्वप्रथम, स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत १९ स्त्रिया प्रतिनिधिगृहात निवडून आल्या, त्या देशाच्या बोलण्यात ही बरोबरी शोभून दिसते.

या अबोलपणाचे अवास्तव कौतुक करण्याचेही कारण नाही. न विचारणे हा जेथे शिष्टाचार असतो, तेथे ज्याला विचारले जावे अशी गरज आहे तोही एकटा राहून जातो. वृद्ध माणसे आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक यांना हे एकटेपण विशेष जाणवते. अगदी उत्तरेच्या उत्सयोकी भागात हिवाळ्यात सुमारे पन्नास दिवस सूर्य क्षितिजावर येत नाही. अशा काळात ‘आपला त्रास कोणाला नको’ ही वृत्ती माणसाला जड जाऊ शकते. जागतिक आनंद अहवालात २०१८ ते २०२५ अशी सलग आठ वर्षे फिनलंडचा क्रमांक पहिला लागला, तेव्हा आश्चर्य वाटणाऱ्यांत फिनिश लोकच पुढे होते. तो अहवाल माणसे किती हसतमुख आहेत हे मोजत नाही. आपल्या एकूण जीवनाविषयी ती किती समाधानी आहेत, हे त्यांनाच विचारतो. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे गंभीर चेहऱ्यांच्या देशाला पहिला क्रमांक का मिळतो, याचा थोडाफार उलगडा होतो.

एकत्र येण्याच्या वाटा तेथेही आहेत. फक्त त्या गप्पांतून न जाता कामातून जातात. महाराष्ट्राच्या खेड्यांत ज्याला इर्जिक म्हणत, त्याच्याशी मिळतीजुळती ‘तल्कोत’ नावाची प्रथा फिनलंडमध्ये शहरांतही टिकून आहे. वसंतात बर्फ वितळले की इमारतीच्या जिन्यापाशी एक सूचना लागते : अमुक दिवशी अंगणाची सफाई. कोणाच्या घरी जाऊन कोणी बोलावत नाही. ज्याला यायचे तो येतो, दाताळे घेऊन पाचोळा ओढतो, आणि शेवटी सर्वांना सॉसेज व कॉफी मिळते. नव्याने राहावयास आलेल्या पाहुण्याने त्या दिवशी दाताळे हाती घ्यावे. एरवी जिन्यात मान हलवून जाणारे शेजारी त्या अंगणात नाव सांगतात, विचारतात, क्वचित हसतातही.

उन्हाळ्यात हीच माणसे सरोवरकाठच्या लाकडी घरांकडे धाव घेतात. अशी घरे देशात सुमारे पाच लाख आहेत. लहानमोठी मिळून १,८८,००० सरोवरे असलेल्या देशात काठाला तोटा नाही. त्यांतील पुष्कळ घरांत नळ नसतो. पाणी बादलीने आणावे लागते, लाकडे फोडावी लागतात, शौचकूप अंगणाच्या टोकाला असतो. विहिरीवरून पाणी आणण्याच्या जाचातून नुकत्याच सुटलेल्या घरातील भारतीय पाहुण्याला सुखवस्तू लोकांची ही हौस पाहून हसू येणे साहजिक आहे. भोवतालच्या रानात फिरण्याचा, तेथली बोरासारखी फळे व अळंबी वेचण्याचा हक्क, जमीन कोणाचीही असो, सर्वांना असतो आणि परदेशी पाहुणाही त्यात येतो. अट एवढीच की कोणाच्या घराच्या अंगणाजवळ जायचे नाही आणि नासधूस करायची नाही. रान सर्वांचे, उंबरठा ज्याचा त्याचा, असा हा व्यवहार आहे.

मात्र दोन माणसांमधील अंतर जेथे जवळजवळ नाहीसे होते, अशी एक जागा फिनिश जीवनात आहे. ती म्हणजे साउना. छप्पन्न लाख वस्तीच्या या देशात साउनांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे. बंगल्यांत, सदनिकांत, कारखान्यांत आणि संसदभवनातही ते आढळते. साउना म्हणजे लाकडी फळ्यांनी मढवलेली लहानशी खोली. एका कोपऱ्यात दगडांनी भरलेली भट्टी आणि भिंतीलगत पायऱ्यांसारखी बाके. उष्णता ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत असते. तापलेल्या दगडांवर डावाने पाणी टाकले की जी वाफ उसळते तिला ‘लोयलू’ म्हणतात. या शब्दाचा प्राचीन अर्थ श्वास किंवा प्राण असा होता आणि हंगेरियन भाषेतील आत्मावाचक शब्द त्याचाच सगोत्र आहे. मराठीत ‘वाफ’ म्हणून भागत नाही ते यामुळे.

सर्वांत जुना प्रकार धुराच्या साउनाचा. त्याला धुराडे नसते. कित्येक तास लाकडे जाळून दगड तापवायचे, मग विस्तव विझू द्यायचा, धूर बाहेर घालवायचा आणि उरलेल्या धगीत स्नान करायचे. शेतघरातील हीच सर्वांत उबदार आणि स्वच्छ जागा. गरम पाणी हाताशी असे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ग्रामीण भागात अनेक बाळंतपणे साउनात होत, आणि मृतांना अखेरचे स्नानही तेथेच घातले जाई. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरील फिनिश सैनिकांनी खंदकांच्या परिसरातही साउना उभारले होते. शहरांतील कामगारांच्या घरांत न्हाणीघरे नसत, म्हणून सार्वजनिक साउना निघाले. तांपेरे येथील रायापोर्त्ती हा १९०६ चा साउना आजही चालू असून, देशातील चालू असलेल्या सार्वजनिक साउनांत तो सर्वांत जुना होय. राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांनी १९६० साली आपल्या साठाव्या वाढदिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना साउनात नेले होते आणि ती बैठक पहाटेपर्यंत चालली. वस्त्रांबरोबर हुद्देही खुंटीला टांगले जातात, ते असे. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने फिनलंडच्या साउनासंस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

भारतीय पाहुण्याची खरी अडचण वस्त्रांचीच असते. साउनात विवस्त्र बसण्याची रीत आहे. सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांची व पुरुषांची व्यवस्था वेगळी असते; कुटुंबात बहुधा सगळे एकत्र बसतात, आणि पाहुणे असल्यास पाळ्या लावतात. त्यात शृंगाराचा लवलेश नसतो. साउनात देवळात वागावे तसे वागावे, अशी जुनी शिकवण आहे. ज्याला संकोच वाटतो त्याने टॉवेल गुंडाळून बसावे किंवा येत नाही असे सांगावे. कोणी कारण विचारणार नाही आणि कोणाला राग येणार नाही. परंतु बोलावणे दुसऱ्यांदा होईलच असे नाही. ‘साउना तापला आहे’ हे वाक्य यजमान ज्या सुरात उच्चारतो, तो सूर हवामान सांगितल्यासारखा असतो. अनेक पाहुणे ते निमंत्रण होते हे न ओळखताच खोलीत पुस्तक वाचत बसतात.

आत जाण्यापूर्वी अंग धुवावे, बाकावर बसताना खाली लहान कापड घ्यावे. प्रथमच जाणाऱ्याने खालच्या पायरीवर बसावे, कारण वरची झळ सोसत नाही. दगडांवर पाणी टाकण्यापूर्वी इतरांना विचारावे. बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी अंगावर हलकेच मारून घेतात. तिला पश्चिमेकडे ‘विहता’ आणि पूर्वेकडे ‘वस्ता’ म्हणतात आणि खरे नाव कोणते यावर हे अबोल लोक हिरिरीने वाद घालतात. अंग पुरेसे तापले की बाहेर येऊन ओट्यावर बसायचे, उन्हाळ्यात सरोवरात आणि हिवाळ्यात धाडस असेल तर बर्फात पाडलेल्या भोकात बुडी मारायची, आणि पुन्हा आत जायचे. याच अंधाऱ्या खोलीत, दोन वाफांच्या मधल्या शांततेत, यजमान आपल्या वडिलांविषयी, आजाराविषयी, मोडलेल्या संसाराविषयी दोन वाक्ये बोलून जातो. पाहुण्याने लगेच सल्ला देण्याची घाई करू नये. ऐकून घ्यावे आणि विचारून दगडांवर आणखी एक डाव पाणी टाकावे.

जुन्या समजुतीप्रमाणे प्रत्येक साउनाचा एक रक्षक असतो. त्याला ‘तोंत्तू’ म्हणतात. सर्वांची स्नाने आटोपल्यावर शेवटचा माणूस त्याच्यासाठी दगडांवर थोडे पाणी टाकतो, दार ओढून घेतो आणि कॉफीच्या टेबलाकडे वळतो.