पेटीमास्तरचं जेवण

चोरखमाऱ्याचं नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते फाटकामुळे. नागझिरा अभयारण्यात शिरायची जी मोजकी फाटकं आहेत, त्यातलं एक या गावाच्या अंगाला. पहाटे जिप्सी येतात, मफलर गुंडाळलेली माणसं आत जातात, वाघ दिसला किंवा नाही दिसला, एवढी खबर घेऊन बाहेर पडतात. तलाव इंग्रजी अमदानीतला. तलावाखाली धानाच्या बांध्या, बांध्यांपलीकडे रान. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्याच्या या टोकाला मी संगीतशिक्षणावर लिहायचं म्हणून आलो, तेव्हा चहाच्या टपरीवरच्या माणसानं मला वर्गणी मागायला आलेला समजून आधीच मान हलवली.

संगीतशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे क्लास येतो. सतरंजी, दोन तानपुरे, भिंतीवर पलुस्करांचा फोटो, परीक्षेचे फॉर्म. जिथे दहा-दहा कोसांत क्लासची पाटी नाही, तिथे माणूस पेटी शिकतो कुठे, आणि शिकवणाऱ्याचं पोट भरतं कोण, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर या भागात मंडईच्या रात्री सापडतं.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सगळा झाडीचा मुलूख. इथे भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. गोवारी ढाल नाचवत आणतात, लेकी-जावई येतात, पोरांसाठी फुगे आणि मोठ्यांसाठी नाटक. हलका धान तोवर कापून झालेला असतो, घरात वर्षाचे पहिले पैसे खेळत असतात. भारी धान अजून उभा असतो. मधल्या या फटीत झाडीपट्टीचा नाट्यहंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक ही जुनी जोडी. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा पटाच्या गर्दीवर उभी असलेली नाटकं अडचणीत आली. १६ डिसेंबर २०२१ला अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ला घटनापीठानं ती कायम केली. बैल आणि पेटी यांचा संबंध दिल्लीतल्या कोणाला सुचणार नाही, पण इथे तो उघड आहे.

मी गेलो त्या मंडईत रात्री दहाच्या पुढे पडदा उघडला तरी मी रंगमंचाकडे फारसं पाहिलं नाही. मी वादकांच्या बाजूला बसलो होतो. ते रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून बसतात. पेटीवाला, तबला-ढोलकीवाला, आणि आताशा ऑक्टोपॅडवाला. पेटीवाल्याच्या मांडीवर शाल, पेटीच्या झाकणावर गाण्यांचा क्रम लिहिलेला वहीचा कागद, त्यावर वजन म्हणून अडकित्ता. खालून त्याला नटांचे चेहरे नीट दिसत नाहीत, पाय दिसतात. बाई कुठल्या पायावर थांबणार, खलनायक कितव्या पावलाला वळणार, हे तो पायांवरून ओळखत होता. संवाद संपायच्या आधी अर्धी मात्रा त्याचा सूर सुटायचा. एकदा नायिकेनं पट्टी सोडून भलतीकडेच गाणं धरलं. त्यानं कागदाकडे पाहिलं नाही की बाईकडे पाहिलं नाही. दोन पट्ट्या चाचपल्या आणि तिसऱ्या शब्दाला तो तिच्याबरोबर होता. साडेतीन वाजता थंडीनं त्याची बोटं आखडली तेव्हा त्यानं ती काखेत धरली, आणि डाव्या हाताचा भाता मात्र चालूच ठेवला.

त्याच्या मागे बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मंजिरा घेऊन बसला होता. झोपेनं त्याचं डोकं खाली जाई, मंजिरा मात्र समेवर बरोबर पडे. शाळा म्हणायची तर ती एवढीच.

झाडीपट्टीत पैसा नाही, असं कोणी म्हणू नये. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं ठाणं. तिथे नाट्यमंडळांची बुकिंग कार्यालयं ओळीनं आहेत. गावचं मंडळ तिथे जाऊन रात्र ठरवतं, विसार देतं, परत येऊन तिकिटं छापतं, पेंडॉल टाकतं. नफा-तोटा मंडळाचा. उरलेल्या पैशांतून कुठे देवळाचा कळस होतो, कुठे शाळेची भिंत. अनुदानाची वाट न पाहता एका मुलखातली रंगभूमी प्रेक्षकांच्या तिकिटावर उभी राहते, ही महाराष्ट्रात दुर्मिळ गोष्ट आहे. २०२३मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. त्या पाच हजार रात्री खाली कोणीतरी पेटी वाजवत बसलेलं होतं. जाहिरातीच्या कागदावर त्याचं नाव तळाशी, बारीक टायपात असतं.

पण ही रात्र विकत घेतलेली आहे, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

पूर्वी झाडीतलं नाटक गावच करायचं. गावातला पाटील राजा, गावातलाच शिक्षक प्रधान. स्त्रीपात्रं तेवढी बाहेरून आणायची. त्यासाठी पाऊस सरता सरता, रोवणी आटोपली की तालीम सुरू व्हायची आणि तालमीसाठी पेटीमास्तर आणायचा. तो महिना-महिना गावात राहायचा. त्याला पगार असा फारसा नसे. जेवण घरोघरी पाळीनं, जाताना धान, धोतरजोडी, जमलं तर रोख. या महिनाभरात गावातली पाच-सहा पोरं पेटीला हात लावून घ्यायची, एखादा ठेका उचलायची, एखाद्याला गळा आहे हे गावाला कळायचं. नाटक एका रात्रीत संपे, शिकलेलं मात्र गावात राही. पुढे त्याच पोरांचं भजनी मंडळ होई.

व्यावसायिक मंडळी आली तसं नाटक सरस झालं, हे मान्य करायला हवं. प्रकाशयोजना, नेपथ्य, गाणी, सगळंच. जुन्या गावठी प्रयोगांची आठवण काढून गहिवरणाऱ्यांतला मी नाही. त्यातले बरेच सहन होण्यासारखे नसत. पण गाव पूर्वी मास्तरला महिनाभर जेवू घालत होतं, आता नाट्यमंडळाला एका रात्रीचे पैसे देतं. रक्कम कितीतरी वाढली आणि गावात शिकवणारा उरला नाही.

वादक पोसण्याची या रानातली रीत नाटकापेक्षा जुनी आहे. गोंडांचे परधान हे वंशपरंपरेचे गायक. तीन तारांचा बाना वाजवून ते गोंड यजमानाच्या देवांची आणि कुळाची गाथा गात, आणि यजमान त्यांना ठरल्या काळानं दान देई. शामराव हिवाळे या मराठी माणसानं १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा व्यवहार नोंदलेला आहे. यजमान गरीब झाला आणि बाना खुंटीला लागला. त्याच परधानांतला पाटणगढचा जनगढसिंह श्याम पुढे भोपाळच्या भारत भवनात पोचला आणि गाण्यातले देव त्यानं कागदावर रंगवले. आज जगभर जे गोंड चित्र म्हणून विकलं जातं, त्यामागे असं यजमान गमावलेलं संगीत आहे.

गोंदियाच्या पूर्वेला सीमा ओलांडली की राजनांदगावचा मुलूख. तिथल्या रवेलीचे दाऊ मंदराजी हे मालगुजार घराण्यातले. त्यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीला नाचा या तिथल्या लोकनाट्याची पार्टी उभी केली, चिकारा या तंतुवाद्याच्या जागी हार्मोनियम आणली, आणि कलावंत सांभाळता सांभाळता घरची शेती घालवली. १९८४ साली ते गेले ते हलाखीतच. आता छत्तीसगड सरकार त्यांच्या नावानं सन्मान देतं. एका माणसाच्या जमिनीवर कला उभी केली तर ती जमिनीएवढीच टिकते. झाडीनं तो भार गावावर टाकला, म्हणून झाडीपट्टी अजून उभी आहे.

याच बाजूला पुढे खैरागड लागतं. राजा वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी लहानपणी वारलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, आठवणीत आपला कमल विलास राजवाडा संगीतासाठी दिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. पहिले कुलगुरू होते भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर. तारीख पुन्हा वाचा. त्याच दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आणि त्या दिवशी भंडारा जिल्हा, म्हणजे आजचं गोंदियाही, मध्यप्रदेशातच होता. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि संगीताचं विद्यापीठ पलीकडे राहिलं. गोंदियाहून डोंगरगड रेल्वेनं तासा-दीड तासाचं, तिथून खैरागड रस्त्यानं आणखी तासाभराचं. तरी आपल्याकडच्या पोरानं संगीत शिकायचं म्हटलं की बोट दाखवलं जातं ते नागपूरकडे नाहीतर पुण्याकडे. सरहद्दीची रेघ डोक्यातही पडते.

त्या १४ ऑक्टोबरनं झाडीला विद्यापीठ दिलं नाही, पण गाणारी मंडळं दिली. दीक्षेनंतर बौद्ध वस्त्यांतून भीमगीतांची मंडळं उभी राहिली, आणि वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांच्या घरात पेटी नव्हती त्यांनीही पाठ केली. दुसरीकडे तुकडोजी महाराजांची खंजिरी. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या या माणसानं हातात मावणाऱ्या एका वाद्यावर अख्खा विदर्भ गाता केला. खंजिरीला खर्च नाही, मास्तरचीही फार गरज नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला जो येतो तो ऐकून ऐकून शिकतो. आज चोरखमाऱ्यासारख्या गावात संध्याकाळी संगीत म्हणून जे कानावर पडण्याची शक्यता आहे, ते या दोन मंडळांपैकी एकाचंच.

एक आडवळण घेतो, कारण गाव अभयारण्याच्या काठचं आहे. कातडी वाद्यांना घोरपडीचं कातडं मढवण्याची चाल आपल्याकडे होती. गोव्याच्या घुमटाला ते असे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं आणि घुमटवाले अडचणीत आले. गोव्यानं मार्ग काढला. बकरीचं कातडं चालू केलं आणि २०१९मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. कायदा मोडला नाही, वाद्यही गेलं नाही. झाडीच्या डफाकडे, तुणतुण्याकडे असं कोणी सरकारी डोळ्यानं पाहिल्याचं दिसत नाही.

सरकार काहीच करत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. वृद्ध कलावंतांना मानधन आहे. पूर्वी स्थानिक, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पायऱ्यांवर महिना २,२५०, २,७०० आणि ३,१५० रुपये मिळत. २०२४पासून सरसकट ५,०००. करोनाच्या दोन हंगामांत मंडई बुडाली तेव्हा, २०२१मध्ये, राज्यानं ५६ हजार कलाकारांना प्रत्येकी ५,००० रुपये एकदाच द्यायचं ठरवलं. खडी गंमत या इथल्या लोकनाट्याच्या फडांना तमाशा-दशावताराच्या जोडीनं अनुदानाची योजना आहे. अडचण कागदाची आहे. मानधनासाठी कलावंत असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो. चाळीस वर्षं दंडार या लोकनाट्यात ढोलकी वाजवलेल्या माणसाकडे असतात ते हाताचे घट्टे. आणि हे मानधन पन्नाशीनंतरचं. शिकण्याच्या वयात काय?

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक आहे, पण पटावर शंभराहून जास्त मुलं असतील तर. रानाकाठच्या शाळांची पटसंख्या पाहिली की हा निदेशक त्यांच्या वाट्याला का येत नाही ते कळतं. त्यामानानं दहावीच्या वाढीव गुणांची योजना मला शहाणपणाची वाटते. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांबरोबर तिथे लोककलाही धरली आहे. २५ प्रयोगांना ५ गुण, ५० प्रयोगांना १०. म्हणजे रात्रभर मंजिरा धरून बसणं हेही शिक्षण आहे, हे सरकारी कागदावर एकदा तरी मान्य झालं. प्रमाणपत्र मात्र शासनानं ठरवलेल्या संस्थेचं लागतं. त्या रात्रीच्या मुलाच्या आसपास अशी संस्था मला दिसली नाही. त्याचे पन्नास प्रयोग कदाचित भरलेही असतील. मोजतंय कोण?

माझ्या मते मदत प्रयोगाला नको, प्रयोग आपलं पोट भरतात. मदत तालमीला हवी. आणि त्यासाठी मुंबईला निवेदन पाठवायची गरज नाही. मंडईचं मंडळ एका रात्रीचा विसार उचलतं, तेवढी त्याची ऐपत आहे. तिकिटाच्या शिल्लकीतून पेटीमास्तरला रोवणीनंतरचे दोन महिने गावात ठेवायचं, गावातल्या भजनी आणि भीमगीतांच्या दोन्ही मंडळांनी पोरं पाठवायची, पेटी मंडळाची, जागा शाळेची. पाळीचं जेवण आता कोणी घालणार नाही, तेव्हा रोख द्यायचं. मंजिरा वाजवणाऱ्या पोरांच्या प्रयोगांची नोंद मंडळानंच एका वहीत तारीखवार ठेवायची आणि खाली सरपंचाची सही घ्यायची. आज ती वही दहावीचं बोर्ड मानणार नाही. उद्या संस्था नोंदवली तर दाखवायला तीच लागेल, आणि त्या पोराची पन्नाशी आली की मानधनाच्या अर्जालाही.

यंदा भाऊबीजेनंतर मंडईची पावती घेऊन पोरं दारात येतील. वर्गणी द्या. आणि देताना विचारा, गावात पेटी शिकवायला यंदा कोण येणार आहे?