केंद्रीय आरोग्य कायद्यातील सूट आणि सिद्धगडचा रुग्ण

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाचे नाव भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या 2 जानेवारी 1943 रोजीच्या हौतात्म्यामुळे महाराष्ट्रास परिचित आहे. या डोंगररांगेच्या आश्रयाने, मुरबाड व शहापूर तालुक्यांत, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी समाजांच्या अनेक वाड्या वसल्या आहेत. पावसाळ्यात दूरच्या वाडीतील आजाऱ्यास डोलीत घालून सडकेपर्यंत आणण्याचे प्रसंग येतात. तेथे जो दवाखाना प्रथम उघडा दिसेल तोच त्याचा आधार; तो सरकारी की खाजगी, हे पाहण्यास उसंत नसते. म्हणूनच संसदेच्या आरोग्यविषयक कायद्यातून एखाद्या राज्यास सूट असणे न्याय्य आहे काय, हा वरकरणी घटनातज्ज्ञांचा वाटणारा प्रश्न या वाड्यांच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय घटनेने राज्यसूचीत ठेवले आहेत. त्यामुळे रुग्णालये, दवाखाने व प्रयोगशाळा यांची नोंदणी आणि नियमन करणारा 2010 चा केंद्रीय अधिनियम संसदेने अनुच्छेद 252 च्या आधारे, अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम व सिक्कीम या चार राज्यांच्या विधानमंडळांच्या ठरावांवरून केला. पुढे उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहार आदी राज्यांनीही तो स्वीकारला. ज्या राज्यांत पूर्वीचे कायदे लागू होते, त्यांना मात्र या अधिनियमाने आपल्या अनुसूचीद्वारे वगळले. त्या अनुसूचीत 1949 चा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे. महाराष्ट्राची सूट आहे ती हीच.

या सुटीच्या बाजूने सबळ कारण आहे. अनुच्छेद 252 अन्वये स्वीकारलेला कायदा राज्यास स्वतः दुरुस्त करता येत नाही. तो अधिकार संसदेकडेच राहतो. शिवाय राज्य नेहमीच मागे असते असेही नाही. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. देशाचा कायदा त्यानंतर 1994 मध्ये आला. ही मोकळीक नसती तर देशास तो धडा कदाचित इतक्या लवकर मिळाला नसता.

परंतु सूट म्हणजे रुग्णास कमी देण्याचा परवाना नव्हे. केंद्रीय अधिनियमाच्या कक्षेत खाटा नसलेले दवाखाने व रोगनिदान प्रयोगशाळाही येतात, सरकारी रुग्णालयेही येतात. 1949 च्या अधिनियमाचा रोख मुख्यतः रुग्णास दाखल करून घेणाऱ्या शुश्रूषागृहांवर व प्रसूतिगृहांवर आहे. खेड्यातील माणसाचा पहिला संबंध मात्र बहुधा खाटा नसलेल्या दवाखान्याशी येतो, आणि रक्त-लघवीची तपासणी तो बाजारगावातील प्रयोगशाळेत करून घेतो. आमच्या मते सुटीचा न्याय्यपणा येथेच तपासला पाहिजे : राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याइतके संरक्षण देत असेल तर सूट रास्त, अन्यथा ती अपुरी. दिल्ली व मुंबई यांच्या अधिकारांची वाटणी हा त्यानंतरचा विषय.

एका बाबतीत तर कोणत्याच राज्यास सूट नाही. अपघातग्रस्तास तातडीचा उपचार देणे प्रत्येक डॉक्टरवर, तो सरकारी असो वा खाजगी, बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणी स्पष्ट केले. 1996 च्या पश्चिम बंगालमधील खेत मजदूर समितीच्या प्रकरणात, तातडीचा उपचार देण्याच्या घटनात्मक कर्तव्यातून पैशाच्या अडचणीचे कारण सांगून राज्यास सुटता येणार नाही, असा निर्णय दिला गेला.

महाराष्ट्राने 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे आवश्यक केले. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी आपल्या भागातील शुश्रूषागृहांत नोंदणीपत्र, सनद व दरफलक लावलेले आहेत काय, हे पाहावे. नसल्यास आरोग्य यंत्रणेकडे लेखी कळवावे. शेजारच्या प्रयोगशाळेस हाच प्रश्न विचारू गेल्यास मात्र 1949 च्या अधिनियमात त्यास आधार सापडत नाही.